चौकशी अहवालात "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहून झाल्यावर पुढे काय?

टूलपोस्ट (धागाकर्ता)

मंडळी, जरा लांबण लावणार आहे, आधीच सांगतो.

मी सुरक्षा विभागात आहे. आमची कंपनी ज्या छोट्या कारखान्यांकडून शीटमेटलचे पार्ट घेते, तिथे अपघात झाला की त्यांचा चौकशी अहवाल माझ्याकडे येतो. कारखाना कुठला, एमआयडीसी कुठली हे विचारू नका, सांगणार नाही. तसंही नावं झाकली तर कुठला अहवाल कुणाचा हे मलाही ओळखता येत नाही, इतके ते एकसारखे. "अपघाताचे कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. केलेली उपाययोजना: संबंधितास समज देण्यात आली व टूलबॉक्स टॉक घेण्यात आला." (टूलबॉक्स टॉक म्हणजे कामाच्या जागीच सुरक्षेवर दिलेलं छोटं भाषण.) खाली तीन सह्या आणि शिक्का.

हल्लीच असाच एक आला. दुसरी पाळी, ६३ टनी पॉवर प्रेस, ब्रॅकेटला भोकं पाडायचं काम. ऑपरेटरच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनला टू हॅन्ड कंट्रोल होता, म्हणजे दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक यायला नको. पठ्ठ्याने डावं बटण पत्र्याची चकती ठेवून केबल टायने आवळलं होतं. उजव्या हाताने स्ट्रोक, डावा हात पीस काढायला मोकळा. झालं, कारण सापडलं, फाईल बंद.

मी सही न करता तिथे गेलो.

मुळात एक बटण बांधून जो चालतो तो टू हॅन्ड कंट्रोलच नव्हे. नीट बसवलेल्यात दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबावी लागतात आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळत नाही. इथे कुणीतरी दोन साधी पुशबटणं सिरीजमध्ये जोडून दिली होती. ऑडिटच्या चेकलिस्टवर "टू हॅन्ड कंट्रोल आहे का? होय" अशी टिक वर्षानुवर्षं होत होती. शेजारच्या दोन प्रेसवरही बटणांच्या कडेला टायचे ओरखडे होते. आणि सुपरवायझर जिथे बसतो तिथून ही बटणं समोर दिसतात.

मग चिमटा. अहवालात "पीस काढण्यासाठी चिमटा पुरवलेला आहे" असं छातीठोकपणे लिहिलंय. पुरवलेला होता हे खरं, पण स्टोअरच्या कपाटात. किल्ली स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर सहा वाजता घरी जातो.

आणि शेवटचं, जे मेंटेनन्सच्या वहीत सापडलं. अपघात झाला सातच्या सुमारास. त्याच रात्री पावणेदहाची नोंद: "क्लच कीची स्प्रिंग बदलली. मशीन ओके." प्रेसवर काम केलेल्यांना कळलं असेल मी काय म्हणतोय ते. बाकीच्यांसाठी: जुन्या प्रेसमध्ये फिरतं चाक आणि क्रँक यांना जोडणारी एक की असते. स्ट्रोक पुरा झाला की स्प्रिंगच्या मदतीने ती सुटते. स्प्रिंग मेली किंवा की झिजली, तर कुणीही काहीही न दाबता मशीन दुसरा स्ट्रोक मारतं. याला डबल स्ट्रोक म्हणतात. तेव्हा बोटं बांधलेल्या बटणामुळे गेली की मशीन आपणहून खाली आलं? जुनी स्प्रिंग बघितली असती तर काहीतरी कळलं असतं. ती भंगारात गेली आणि भंगार शनिवारी विकलं गेलं.

वर शिफारस काय, तर "मशीनला लाईट कर्टन बसवणार". अहो, की-क्लचचा प्रेस एकदा निघाला की फेरी पुरी करूनच थांबतो, मधे थांबतच नाही! प्रकाशाचा पडदा हात आलाय हे ओळखेल, पण थांबवणार कुणाला? असा पडदा न्युमॅटिक क्लच-ब्रेकच्या प्रेसला चालतो, तिथेही तो किती लांब लावायचा याचं गणित आहे. हात सेकंदाला १६०० मिलिमीटर वेगाने पुढे जातो असं धरतात. प्रेस थांबायला ०.३ सेकंद लागत असतील तर पडदा किमान अर्धा मीटर लांब हवा. डायच्या (पत्रा कापणाऱ्या खालच्या साच्याच्या) तोंडाशी लावलेला पडदा हा नुसता दिवा.

तर प्रश्न असा, की तुमच्याकडे चौकशी कशी होते? "निष्काळजीपणा" या थांब्याच्या पुढे गाडी गेलेली कुणी पाहिली आहे का?

---

लघुउद्योजक

सगळं मालकावर ढकलून मोकळं व्हायची फॅशन आहे, ती इथेही दिसली. माझं छोटं वर्कशॉप आहे. मी स्वतः बटणाचा टाय कापून जेवायला जातो, परत येईतो पुन्हा बांधलेलं. हेल्मेट दिलं तर त्यात नटबोल्ट ठेवतात. गॉगल दिला तर कपाळावर. मग कामगाराची जबाबदारी काहीच नाही का?

आणि टूलपोस्ट, राग मानू नका, पण तुमच्यासारख्या कंपन्यांचा परचेस दरवर्षी भाव खाली मागतो आणि तुमचाच सेफ्टीवाला येऊन हे लावा ते लावा सांगतो. दोघं एकदा आपसात बोलून घ्या की.

---

सुगरण_पक्षी

वाचतेय. विषय वेगळा आहे, पण क्लच की समजली.

---

टूलपोस्ट

@लघुउद्योजक, परचेसचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्या ब्रॅकेटचा दर ठरला तेव्हा तासाला किती पीस धरले होते ते मी आमच्याच लोकांकडून मागवलं आहे. चिमट्याने पीस काढून तो आकडा गाठता येत नसेल, तर आमची रेट शीट हेही अपघाताचं एक कारण आहे आणि ते अहवालात यायला हवं. येऊ देतील का, ते बघू.

जबाबदारीचं म्हणाल तर कायद्यात आहेच. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम १११ होतं, कामगाराने सुरक्षेच्या साधनांशी मुद्दाम छेडछाड करू नये, आणि केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कलमांचे आकडे बदललेत. पण दंड करून बटण बांधणं थांबतं का? तुम्हीच म्हणताय, जेवून येईपर्यंत पुन्हा बांधलेलं असतं. म्हणजे कापणं हा उपाय तुम्ही करून बघितलाय आणि तो चालत नाही.

मी एक प्रश्न नेहमी विचारतो: या माणसाच्या जागी त्याच पाळीचा दुसरा, चांगला म्हणून नावाजलेला ऑपरेटर उभा केला असता तर त्याने काय केलं असतं? तेच केलं असतं, तर माणूस बदलून किंवा त्याला समज देऊन काही होणार नाही. दुसऱ्या कुणीच तसं केलं नसतं, तर मात्र त्या माणसाकडे वळायला हरकत नाही.

---

रात्रपाळी

मी प्रेसवर ऑपरेटर आहे. मोबाईलवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

माझं एक पेर गेलेलं आहे, जुनी गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. जबानी कशी घेतात ते सांगतो. हाताला बँडेज, मला ऑफिसात बसवलं. समोर मॅनेजर, एचआर आणि आमचा ठेकेदार. कागद आधीच टाईप केलेला. साहेब म्हणाले सही कर, ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) काम लवकर होईल. केली. वाचायला दिला होता, पण ठेकेदारासमोर "हे असं नाही झालं" कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी गेटवर पास रद्द झाला तर?

कोणी मशीनपाशी आलं असतं आणि म्हणालं असतं, दाखव रे कसा काढतोस पीस, तर मी सगळं दाखवलं असतं.

आता तुमच्या केसचं. बटण हौस म्हणून कोणी बांधत नाही. पीस डायला चिकटत असणार. आमच्याकडे डाय ग्राइंड होऊन आली की हमखास चिकटतो. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटवर धरून घासतात ना, त्याने डायमध्ये लोहचुंबकपणा राहतो. डिमॅग्नेट न करता तशीच चढवली की प्रत्येक पीस बोटाने उचकटावा लागतो. टार्गेट तेवढंच. डाय ग्राइंडला कधी गेली होती ते बघा.

---

टूलपोस्ट

@रात्रपाळी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टूलरूमचं रजिस्टर बघून सांगतो.

---

वकिली_बाणा

तो टाईप केलेला कागद तसा का असतो हे बाहेरच्यांना कळावं म्हणून लिहितो.

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात (आता त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे) कलम ३ मध्ये मालकाला काही पळवाटा होत्या. कामगार दारू प्यायलेला होता, किंवा त्याने सुरक्षेचा नियम हेतुपुरस्सर मोडला, किंवा गार्ड जाणूनबुजून काढला, तर भरपाई द्यावी लागत नाही. मात्र मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर या सबबी चालत नाहीत. दोन बोटं म्हणजे अंशतः अपंगत्व, तिथे चालू शकतात. त्यामुळे "स्वतःहून गार्ड काढला" हे वाक्य अहवालात घुसवण्यात पैशाचा हिशेब असतो.

नुसता निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून केलेला नियमभंग यांत कायदा फरक करतो. घाईत, टार्गेटखाली, सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत रोज होणारी गोष्ट "हेतुपुरस्सर नियमभंग" म्हणून सिद्ध करणं मालकाला सोपं नाही. आणि माणूस ईएसआयमध्ये असेल तर मालकाच्या धंद्यासाठी काम करताना नियम मोडला तरी ती कामावरचीच इजा धरली जाते. तेव्हा "सही कर, नाहीतर ईएसआय मिळणार नाही" ही थाप असते, हे कामावरच्या मंडळींनी एकमेकांना सांगा.

माझ्या मते भरपाईची चौकशी आणि कारणाची चौकशी एकाच कागदावर करूच नये. एकीत प्रत्येकजण आपली कातडी वाचवायला बसलेला असतो.

---

काळा_दगड

वणी भागात कोळसा खाणीत होतो, आता निवृत्त.

तुमच्या त्या स्प्रिंगबद्दल वाचून हळहळलो. खाणीत असं करता येत नाही. १९५२ च्या खाण कायद्यात कलम २३ होतं. जीवघेणा किंवा गंभीर अपघात झाला तर इन्स्पेक्टर येईपर्यंत किंवा तो परवानगी देईपर्यंत जागा हलवायची नाही. माणूस वाचवायचा असेल, मृतदेह काढायचा असेल, पुढचा अपघात टाळायचा असेल किंवा काम थांबून खाणच अडणार असेल तरच हात लावायचा. ७२ तासांत इन्स्पेक्टर फिरकला नाही तर काम सुरू करता यायचं. कायदा पाळायला लावणारे सगळेच धुतल्या तांदळाचे होते असं नाही म्हणत, पण दोरी बांधून जागा अडवायची सवय अंगात भिनली होती.

छताचा दगड पडून माणूस दगावला की आम्ही आधी सपोर्ट मोजायचो. दोन टेकूंमधलं अंतर किती, कोणत्या पाळीने लावले, लाकूड कुठल्या गाडीतून आलं. बोलणं नंतर. माणसाची आठवण दोन दिवसांत बदलते, टेप लावून लिहिलेलं अंतर बदलत नाही.

कारखान्यात निदान एवढं करा: मशीनच्या मेनला कुलूप, किल्ली एकाकडे, आणि त्यातून निघालेला एकही नटबोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावल्याशिवाय हलवायचा नाही.

---

लघुउद्योजक

७२ तास प्रेस बंद? ग्राहकाची लाईन थांबली तर दंड कोण भरणार, टूलपोस्ट?

---

काळा_दगड

अहो ७२ तास बंद ठेवा कोण म्हणतंय? फोटो, मापं, सुटे भाग बाजूला काढणं, चार तासांचं काम आहे. तुमच्या प्रेसला तेवढा वेळ स्प्रिंग मिळेपर्यंत तसाही लागतो.

---

बँडेज

मी कारखान्यांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून काम करते. आधी एक अवांतर, पण उपयोगाचं. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओल्या गॉझमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी गोठून मरतात आणि मग जोडता येत नाही. मी रुमालात, चहाच्या कपात, एकदा तर डिझेलमध्ये ठेवून आणलेलं पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं. प्रथमोपचाराचं रजिस्टर कुणी वाचत नाही. मी वाचते. एकाच मशीनवरून दोन महिन्यांत चारपाच जण "बोटाला खरचटले" म्हणून आले असतील तर ते मशीन काहीतरी सांगतंय. पण इथे एक इशारा. सेफ्टीच्या पोस्टरवर तो पिरॅमिड असतो, विमा कंपनीतल्या हाइनरिख नावाच्या माणसाने १९३१ मध्ये मांडलेला: १ मोठा अपघात, २९ छोटे, ३०० नुसतेच थोडक्यात वाचलेले. त्यावरून लोकांनी काढलेला अर्थ असा, की खरचटणं कमी केलं की मृत्यू आपोआप कमी होतात. तसं होतंच असं नाही. जिन्यावरून घसरणं कमी केल्याने रिअ‍ॅक्टरचा स्फोट टळत नाही. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट होऊन १५ जण गेले. तिथे किरकोळ इजांचे आकडे सुधारत होते आणि साहेबलोक त्या आकड्यांवर खूश होते.

म्हणून रजिस्टर वाचताना किती जण आले हे मोजू नका. यातल्या कुणाचा हात आणखी दोन इंच पुढे असता तर काय झालं असतं, ते बघा.

---

मस्टर

एचआरवाली बोलते, चपला झेलायची तयारी आहे.

आकड्यांचा खेळ कसा होतो ते सांगते. जुन्या कायद्यात माणूस ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवायचा. मग काय करतात? तिसऱ्या दिवसाच्या आत त्याला गाडी पाठवून आणतात आणि हाताला प्लॅस्टर असताना ऑफिसात बसवतात. कागदोपत्री हजर. फ्रिक्वेन्सी रेट काढायची भारतीय मानक पद्धत आहे, आयएस ३७८६, दर दहा लाख मनुष्यतासांमागे किती इजा. त्यात कामाचा दिवस बुडालाच नाही म्हणजे इजा नाही! गेटवरचा "अपघातविरहित दिवस" फलक पुढे सरकतो, ४ मार्चला सुरक्षा दिनाला ट्रॉफी मिळते.

त्या फलकावर बोनस बांधलेला असेल तर थोडक्यात वाचलेल्या घटना कोण कळवणार? आमच्याकडे अशा घटनांची, म्हणजे निअर मिसची, पेटी होती. त्यात महिनाअखेरीला तीच सहा कार्डं पडायची, "जमिनीवर तेल सांडले". प्रत्येक सुपरवायझरला महिन्याला दोन कार्डांचं टार्गेट दिलं होतं ना!

---

रात्रपाळी

@मस्टर +१. आमच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली हरवली आहे.

---

खारं_वारं

अ‍ॅबर्डीनहून लिहितोय, उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो. इथे नवीन माणसाला आजही पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मचा अपघात शिकवतात.

६ जुलै १९८८. प्लॅटफॉर्मवर दोन पंप. एकाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, त्या जागी झाकण, तेही नीट न आवळलेलं. पाळी बदलली. व्हॉल्व्ह काढल्याचा परवाना वेगळा आणि पंपाच्या कामाचा वेगळा, दोन्ही एकत्र ठेवलेले नव्हते. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीने कागद बघितले, व्हॉल्व्हचा सापडला नाही, पहिला पंप चालू केला. त्या झाकणातून वायू गळून स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. सप्टेंबर १९८७ मध्ये, म्हणजे वर्षही झालं नव्हतं, त्याच प्लॅटफॉर्मवर एक कामगार मेला होता आणि त्यातही परवाना आणि पाळीचं हस्तांतर यांतलाच ढिसाळपणा निघाला होता. कंपनीने कोर्टात गुन्हा कबूलही केला होता. म्हणजे चौकशी झाली, दोष ठरला, शिक्षा झाली आणि कागद द्यायघ्यायची पद्धत होती तशीच राहिली. भोपाळचंही तेच. १९८४ च्या आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जीनने एक कामगार गेला होता.

पायपर अल्फाची चौकशी करणारे लॉर्ड कलन यांचा अहवाल १९९० मध्ये आला, १०६ शिफारशी. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही, की तेल काढण्याला उत्तेजन देणारं खातं आणि सुरक्षा तपासणारं खातं एकच नको. तोवर दोन्ही ऊर्जा खात्याकडे होतं. ते काढून वेगळ्या यंत्रणेकडे दिलं.

---

सुगरण_पक्षी

आपल्या रेल्वेत हे आधीपासून आहे ना? रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. लहानपणी सामान्यज्ञानात पाठ केलं होतं, कशासाठी ते आज कळलं.

---

निवासी_विभाग

मी डोंबिवली एमआयडीसीच्या शेजारी राहतो. २६ मे २०१६ ला प्रोबेस या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, १२ जण गेले. आमच्याकडच्या खिडकीची काच चौकटीसकट आत आली. चौकशी समिती बसली. मग २३ मे २०२४ ला अमुदान या रासायनिक कारखान्याचा स्फोट. आठ वर्षं, जवळजवळ तीच तारीख, तोच परिसर. पुन्हा काचा, पुन्हा समिती.

इथले सगळे जण कारखान्याच्या आतलं बोलताय, ते बरोबरच आहे. पण पहिल्या चौकशीत जे काही कळलं ते शेजारच्या कारखान्याच्या केमिस्टला कुणी सांगितलं का? मी एकदोघांना विचारलं, त्यांनी तो अहवाल डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. अमेरिकेत रासायनिक अपघातांची चौकशी करणारं एक स्वतंत्र मंडळ आहे, सीएसबी. ते अहवाल तर उघड टाकतंच, वर स्फोट कसा झाला याचे अ‍ॅनिमेशन व्हिडिओ यूट्यूबवर फुकट ठेवतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले इंजिनिअर टेक्सासचे व्हिडिओ बघून शिकतात आणि डोंबिवलीचं त्यांना पेपरात वाचावं लागतं. काय म्हणावं!

---

टूलपोस्ट

काही गोष्टी कळल्या, त्या सांगतो.

@रात्रपाळी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. टूलरूमच्या रजिस्टरप्रमाणे ती डाय अपघाताच्या आदल्या दिवशीच ग्राइंड होऊन प्रेसवर चढली. डिमॅग्नेटायझर टूलरूममध्ये आहे, बाकाखाली, प्लग तुटलेला. डायच्या कडेला टाचणी धरली तर टपकन चिकटली. त्या दिवशीचा पीसचा आकडाही बघितला. पहिल्या तीन तासांत नेहमीच्या दोनतृतीयांश काम झालं होतं आणि पाच वाजता सुपरवायझर "कव्हर करा" सांगून गेला होता. हे सांगणारा सुपरवायझरच. ऑफिसात नाही, मशीनपाशी उभं राहून बोललो तेव्हा सांगितलं.

डबल स्ट्रोक झाला का, ते आता कळणार नाही. म्हणून अहवालात दोन्ही शक्यता लिहायला लावल्या आहेत आणि उपाय दोन्हींवर मागितले आहेत. एकच कारण ठरवायचा आग्रह धरला असता तर सोयीचं तेवढंच राहिलं असतं. "पाच वेळा का विचारा" या टोयोटाच्या पद्धतीचं इथे फार प्रस्थ आहे. पण सरळ एका रेषेत पाच का विचारले की माणूस आपल्याला हव्या त्या गावीच पोचतो. इथे बटणाची, चुंबकाची, स्प्रिंगची आणि दराची अशा चार वेगळ्या रेषा आहेत.

उपाय असे ठरले: दोन बटणांच्या जागी वेळ तपासणारा खरा टू हॅन्ड रिले. तो लागेपर्यंत त्या प्रेसवर बंद डाय, म्हणजे बोट आत जायला जागाच नाही, पट्टी बाजूने सरकवायची. क्लचची की आणि स्प्रिंग ठराविक मुदतीने काढून बघायची, मोडल्यावर नव्हे. चिमटा साखळीने मशीनला बांधलेला. डाय टूलरूममधून निघताना टाचणी लावून बघणार. लाईट कर्टन रद्द. समज देण्याची ओळ मी खोडली.

रेट शीटचं अजून अडलं आहे. परचेसवाले म्हणतात हा सुरक्षेचा विषय नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा काढणार.

---

वकिली_बाणा

आणि त्या माणसाच्या जबानीचं काय? जुना कागद फाईलमध्ये तसाच राहिला तर तुमचा नवा अहवाल कोर्टात कुणी बघणार नाही.

---

टूलपोस्ट

त्याची नवी जबानी घेतली, मशीनपाशी, त्याने निवडलेला एक सहकारी बरोबर ठेवून. जुना कागद काढता येत नाही, पण नव्या अहवालात त्याचा उल्लेख आहे आणि तो कुठे चुकतो तेही आहे. एक प्रत त्याला दिली. तो सध्या ईएसआयच्या मेडिकल बोर्डाच्या तारखेची वाट बघतोय.

---

मस्टर

तीन महिन्यांनी परत जाणार का? आमच्याकडे सगळे उपाय अहवालात "पूर्ण" असतात. साखळीचा चिमटा आठवड्यात तुटतो.

---

टूलपोस्ट

जाणार, न कळवता, आणि दुसऱ्या पाळीत. दिवसपाळीत सगळं छानच दिसतं.

---

लघुउद्योजक

बरेच मुद्दे अजून पटलेले नाहीत. भाव वाढवून दिल्याशिवाय रिले बसणार नाहीत हे लिहून ठेवा. पण काल माझ्या दोन डायना टाचणी लावून बघितली, दोन्हींना चिकटली. डिमॅग्नेटायझर टेबलवाला घ्यावा की हातात धरायचा? डाय साधारण चाळीस किलोची आहे.

---

रात्रपाळी

हातात धरायचा घ्या, चाळीस किलो कोण उचलून टेबलावर ठेवणार? डायवरून हळूहळू फिरवायचा, आणि चालू असतानाच हात लांब न्यायचा, मग बटण बंद. डायजवळच बंद केला तर चुंबक परत राहतो. आणि पंचलाही (वरून येऊन भोक पाडणारा भाग) फिरवा, नुसत्या खालच्या डायला नाही. स्क्रॅप वर ओढून आणतो तो पंच.